उन्हेऱ्याचे पाणी आणि मुळशीचे पाणी

पेणहून दक्षिणेस निघावे, नागोठणे मागे टाकावे, की वाकणचा फाटा लागतो. तेथे डावीकडे वळले म्हणजे पाली आणि पालीजवळची उन्हेऱ्याची ऊन पाण्याची कुंडे. न वळता सरळ गेले तर कोलाड. तेथून उजवीकडे रोहे, डावीकडे भिऱ्याचा रस्ता. आजचा आमचा विषय या एवढ्याशा टापूत मावणारा आहे. तरी त्यासाठी आम्ही आपणांस प्रथम न्यूझीलंडास नेणार आहोत. आपल्याकडील काही घरांतील मुले आता तिकडे स्थायिक झाली आहेत. ती आईवडिलांना रोटोरुआ दाखवितात आणि आईवडील परत येऊन उकळत्या चिखलाची छायाचित्रे आपल्याला दाखवितात. त्या छायाचित्रांत जे दिसत नाही, त्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

आधी उष्णतेचा उलगडा करू. उन्हेऱ्याच्या कुंडांना गंधकाचा वास येतो. बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन तेथे स्नान करावे, त्वचेचे विकार जातात, अशी जुनी श्रद्धा आहे. महाडजवळचे सव, उत्तरेस वज्रेश्वरी, दक्षिणेस राजापूर, अशी सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये ऊन पाण्याच्या झऱ्यांची मोठी रांगच आहे. पण या रांगेखाली ज्वालामुखी धुमसत नाही. आपला काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवाला. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून फार खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातील स्वाभाविक उष्णतेने तापते आणि वर येते, इतकेच. रोटोरुआचे तसे नाही. ते सरोवरच मुळी सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झालेल्या स्फोटानंतर खचलेल्या खळग्यात साठलेले आहे. तेथील पोहुतू नावाचे कारंजे ३० मीटरपर्यंत उसळते.

या सरोवरांच्या काठी माओरी लोकांचा ते आरावा हा जनसमूह कित्येक शतके नांदत आला. ते ऊन पाण्यात शिजवीत, न्हात आणि थंडीत त्याच्या उबेस राहत. एकोणिसाव्या शतकात गोरे प्रवासी येऊ लागले तेव्हा त्यांना वाट दाखविणारे हेच लोक होते. त्यांतली सोफिया हिनेरांगी ही बाई विशेष नावाजलेली होती. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा पर्वत फुटला. गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांची ती जगप्रसिद्ध शोभा नाहीशी झाली आणि सुमारे सव्वाशे माणसे मेली. सोफियाच्या घराने त्या रात्री साठांवर जीव वाचविले. उरलेले लोक फाकारेवारेवा येथील झऱ्यांपाशी राहावयास गेले आणि तेथेही पाहुण्यांना वाट दाखवू लागले. आजही त्यांचे वंशज तेच करतात.

मालकीची गोष्ट मात्र निराळी झाली. १८८० साली गाव वसविण्यासाठी सरकारने माओरींशी करार केला, तेव्हा जमीन त्यांचीच राहील आणि भाडे त्यांना मिळेल असे ठरले होते. पुढे दहा वर्षांत गावाची बरीचशी जमीन सरकारने विकतच घेतली. १९२२ साली सरोवरेही सरकारकडे गेली. त्याबदल्यात वर्षाला ६,००० पौंड ठरले.

१९२२ हा आकडा वाचताना आम्ही थबकलो. कारण त्याच सुमारास आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर, मुळशी पेट्यात, पाण्याच्याच प्रश्नावर माणसे तुरुंगात जात होती. टाटांच्या वीज कंपनीने मुळा नदीवर धरण बांधावयास घेतले होते. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. ती गरज खोटी नव्हती, हे आम्ही मान्य करतो. पण तिच्यासाठी मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव हे पुढारी होते. पण धरणाच्या कामावर जाऊन बसणारे स्त्रीपुरुष मावळातले शेतकरी होते. पुण्यातील ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांतील कित्येकांना भरपाईच्या रकमेत रस होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. लढा याच भेगेतून दुबळा होत गेला. धरण झाले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

आता कोलाडकडे वळू. मुळशीच्या तलावाचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला येते, जनित्रे फिरविते आणि कुंडलिकेत सुटते. सकाळी ते सुटले म्हणजे रवाळजे ते कामत या टप्प्यात रबरी होड्या लोटल्या जातात. शिरस्त्राण घातलेली मुंबईपुण्याची मंडळी किंचाळत जातात. त्यांच्या आनंदाचा आम्हांस मुळीच हेवा नाही. भर उन्हाळ्यात, बाकीच्या नद्या आटलेल्या असताना, ही नदी एवढी खळाळते कशी, हा प्रश्न मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांना पडतो. मुळशीचे नाव कोणी काढीत नाही. आणि सुधागड, रोहे, पेण या तालुक्यांत ज्यांच्या वाड्या आहेत त्या कातकऱ्यांचेही नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या झोपड्यांखालची जागा आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे.

रोटोरुआत काटा काही अंशी उलटा फिरला. घरे उबदार ठेवण्यासाठी गावभर भोके पाडून ऊन पाणी उपसले जाई. त्याने कारंजी मंदावली. तेव्हा १९८६-८७ मध्ये पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतील भोके सरकारने बंद करविली आणि कारंजी पुन्हा जोम धरू लागली. २००६ साली कायदा होऊन १३ सरोवरांचे तळ ते आरावांना परत मिळाले. तळ परत मिळाला. वरचे पाणी त्यात आले नाही, म्हणून तक्रार संपलेली नाही. पण निदान पाहुण्याला यजमान कोण हे तेथे विचारावे लागत नाही.

मुळा ही पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचे पाणी भीमेतून कृष्णेस आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरास जावयाचे. १९२७ पासून त्यातले बरेचसे घाट उतरून आपल्याकडे येते. दुपारी विसर्ग थांबला, की कोलाडपाशी नदीतले दगड उघडे पडतात, होड्या जीपगाडीच्या टपावर चढतात आणि उरलेले पाणी रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीकडे निघून जाते.