दिल्लीची पहाडी आणि तिचे मूळचे रहिवासी

चाकरीच्या निमित्ताने दिल्लीस आलेल्या आपल्या मंडळींना रायसीन्याच्या पाठीशी असलेले काटेरी रान परिचयाचे आहे. तालकटोऱ्यावरून जाताना १७३७ साली पहिल्या बाजीरावाने या परिसरात मोगली फौजेशी दिलेल्या झुंजीचे स्मरण होते, आणि मराठी घोडी याच झाडीतून दौडली असतील असे चित्र मन रंगवू लागते. हे चित्र पुसून टाकावयास हवे. आज दिसते ती झाडी तेव्हा नव्हतीच. ती उणीपुरी शंभर वर्षांची आहे, आणि तिचे मूळ अमेरिकेत आहे.

ही पहाडी म्हणजे अरवलीचे उत्तरेकडील शेपूट. धाव, खैर, पळस, हिवर, नेपती, हिंगणबेट हे तिचे मूळचे वृक्ष. मात्र चराई आणि सरपणतोड यांनी ती बोडकी झाली होती. नवी राजधानी वसू लागली तेव्हा व्हाइसरॉयच्या प्रासादामागे हिरवी पार्श्वभूमी हवी होती. १९१५ च्या सुमारास मस्टो या उद्यानखात्याच्या अधिकाऱ्याने तेथे विलायती कीकर लावला. हीच आपल्याकडची वेडी बाभूळ, कुळाने आपल्या शमीची नातलग. तिला पाणी लागत नाही, तोडली तर दुप्पट फुटते. शेळ्या पाला सोडून शेंगा खातात आणि बी गावोगाव पोहोचवितात. बदलीवर आलेला हा पाहुणा परत गेला नाही. उलट त्याने यजमानांसच घराबाहेर काढले.

पहाडी वाचविण्यासाठी प्रथम पुढे आली ती शाळा-कॉलेजांतील मुले. १९७९ साली त्यांनी तोड व अतिक्रमणे यांविरुद्ध चळवळ केली आणि तीतूनच ‘कल्पवृक्ष’ ही संस्था उभी राहिली. १९९४ साली सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित झाले. जमीन अशी कागदोपत्री वाचली. परंतु तिच्यावर उभा होता तो कीकरच.

मूळचे रान कसे होते हे पाहावयाचे तर गुडगाव-फरीदाबादच्या मधल्या मांगर बनीत जावे. गुदडिया बाबांच्या भीतीने व भक्तीने आसपासच्या गुजर वस्त्यांनी येथील डहाळीही मोडू दिली नाही. १९७० नंतरच्या दशकात वर्तक व गाडगीळ यांनी सह्याद्रीतील ज्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांचीच ही उत्तरेकडील बहीण. येथील धाव पाहण्याजोगा आहे. गुरांनी खाल्ला की तो खडकावर सतरंजीसारखा पसरतो, वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि राखण मिळताच उभा वाढू लागतो.

या रानाचा आदर्श पुढे ठेवून गुडगावच्या ‘आय अ‍ॅम गुडगाव’ या नागरिकसंस्थेने २०१० साली महानगरपालिकेच्या साडेतीनशेहून अधिक एकरांवर काम आरंभिले. ही जागा म्हणजे सोडून दिलेल्या खाणी. विजय धस्माना यांच्या मार्गदर्शनाखाली अरवलीतून बी गोळा झाले, रोपवाटिका उभी राहिली. शाळकरी मुले आणि कचेऱ्यांतील कर्मचारी सुटीच्या दिवशी खड्डे खणू लागले. बाजारातील रोपवाटिकांत गुलमोहर हवा तितका मिळे. धाव किंवा सालई कोण विकणार? त्यातही धावाचे बहुतेक बी पोचट निघते. शासकीय वृक्षारोपणात रोपांची संख्या मोजण्याची रीत आहे. कोणते झाड कोणत्या उतारावर जगेल हा प्रश्न तीत क्वचितच विचारला जातो. या मंडळींनी तो आधी विचारला, हे आम्हांस विशेष वाटते.

कीकर सरसकट तोडावा असे म्हणणारेही आहेत. आम्हांस ते पटत नाही. त्याच्या सावलीत मोर वावरतात, गरिबाची चूल त्याच्या लाकडावर पेटते, आणि नुसता तोडून तो मरतही नाही. एकेक तुकडा मोकळा करून तेथे धाव-सालई जगवीत जाणे, हा मार्ग संथ असला तरी खरा. खाणीच्या त्या जागेस २०२२ साली, अभयारण्याबाहेरील जैवविविधता राखणारे क्षेत्र म्हणून, देशात प्रथम मान्यता मिळाली. धावाची तेथील झाडे अद्याप कोवळीच आहेत.