शेराला शेर

आमच्या आत्याच्या वहीत अनारशांची कृती दोन ओळींत आटोपली आहे. तांदूळ शेर, गूळ शेर, तांदूळ तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलणे, खसखस, तूप. वही आमच्या हाती आली तेव्हा आत्या हयात नव्हती. शेराच्या जागी वाटी धरली तरी प्रमाण तेच राहील, असा शहाणपणा आम्ही केला आणि वाटीभर पिठाला वाटीभर गूळ घातला, तोही ठासून. दिवाळीच्या आदल्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला, तो खदखदून हसला. ज्यांच्या घरी अनारसे होतात त्यांना हे हसणे समजावून सांगायला नको. इतरांसाठी एवढेच की, जाळी धरून एकसंध राहण्याऐवजी अनारसा तुपात विरघळून पसरला, की तो हसला म्हणतात. घाणेच्या घाणे हसत गेले.

दोष वहीत नव्हता. आम्हांला ती वाचता आली नव्हती. एक तर आत्याने तांदूळ लिहिले होते, पीठ नव्हे. वाटीभर तांदूळ आणि वाटीभर सैल पीठ यांच्या वजनात बरेच अंतर पडते, आणि ठासलेला गूळ तर त्या पिठाहून कितीतरी जड. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. शेर हा शब्द एक, पण मापे दोन. धान्य आपल्याकडे मापाने भरून देत. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. गूळ, साखर, तूप मात्र तराजूत जाई. त्यामुळे 'तांदूळ शेर' म्हटले की भांडे समजायचे आणि 'गूळ शेर' म्हटले की वजन. हे लिहून ठेवण्याची गरज आत्याला कशाला वाटावी? ज्या बायकांसाठी ती लिहीत होती, त्यांना ते पदार्थाच्या नावावरूनच कळत होते.

बरे, वजनाचा शेर तरी सगळीकडे एक होता काय? जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि शेर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे आजचे सुमारे ३१७ ग्रॅम. बंगाली पक्का शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. जवळजवळ तिपटीचा फरक! १८३३ साली सरकारने तोळा १८० ग्रेनांचा ठरवला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला जाऊ लागला, तेव्हा निदान लहान वजनांचा तरी प्रश्न सुटला. रुपयाभार वेलची हवी, तर पारड्यात रुपया टाकावा. सोनाराकडे धावायला नको.

छापील पुस्तके अशा काळात निघाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे. हस्तलिखित वही घरातल्या घरात फिरते, पण छापलेले पुस्तक रत्नागिरीलाही जाते आणि नागपूरलाही. तिथला शेर कोणता, हे पुस्तकाला काय ठाऊक? तिकडे बॉस्टनला फॅनी फार्मर या बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकात पेला आणि चमचा सुरीने सपाट करूनच मोजावा, असा आग्रह धरला होता. आपल्याकडे उलट, शीग न लावता माप देणारा वाणी कद्रू ठरे. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि शेर-पायली हळूहळू माळ्यावर गेली. १९७० साली कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याचे माप धरले, ते घराघरांत रुजले. वाटी लहान असो वा मोठी, सगळ्या जिनसांना तीच वापरली की निभावते. आम्ही मात्र वाटी अशा कृतीला लावली, जी वाटीसाठी लिहिलेलीच नव्हती.

आत्याचे पितळी मापटे माळ्यावर सापडले, तेव्हा कोडे उलगडले. तांदूळ सपाट भरून दोन मापटी वजनकाट्यावर ठेवली, तर आठशे ग्रॅमच्या घरात भरली. मग शीग लावून भरली, तर नऊशेच्या वर गेली. म्हणजे पक्क्या शेरभर गुळाच्या अगदी जवळ! शेराला शेर जुळतो तो त्या शिगेसकट. वहीत शीग कुठेच लिहिलेली नाही.

त्या मापाने, कोरडे तांदूळ मोजून, पुन्हा घाट घातला. पीठ आठ दिवस डब्यात मुरू दिले. भाऊबीजेला ताटात पडलेल्या अनारशांना जाळी होती. दोन हसले खरे, पण ते कढईशी बसलेल्याच्या घाईमुळे; तूप नीट तापलेच नव्हते. तूप किती घ्यावे, याचा आकडा मात्र वहीत नाही. त्या ओळीवर तुपाचाच एक जुना डाग आहे.