भरतीच्या वेळापत्रकावर उभे राहिलेले बंदर : प्राचीन भडोच

जैन इतिहासात भडोच अर्थात भृगुकच्छ या नगरीचे स्थान मोठे आहे. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतस्वामी यांचे हे तीर्थ. येथील शकुनिकाविहाराचे जैन साहित्यात वारंवार वर्णन आढळते. हीच नगरी पश्चिम भारताचे अग्रगण्य बंदरही होती. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार भडोचहून दक्षिणेस 20 दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस 10 दिवसांवर तेर होते. तेरचे सुती कापड व मलमल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला येई आणि तेथून परदेशी जाई.

तथापि या बंदरात प्रवेश करणे म्हणजे प्राणाशी गाठ होती. खंभातचे आखात नरसाळ्याप्रमाणे निमुळते होत जाते. त्यामुळे भरतीचे पाणी आत कोंडते व उधाणाच्या वेळी आखाताच्या वरच्या भागात सुमारे 10 मीटर चढते. ओहोटीला तळ उघडा पडून जहाजे कलंडतात. सैन्याच्या गर्जनेप्रमाणे आवाज करीत पाण्याची भिंत चालून येते, असे पेरिप्लसकार लिहितो. किनारा सखल असल्याने नर्मदेचे मुखही दुरून ओळखू येत नसे.

यावर उपाय होता तो काटेकोर नियोजनाचा. राजाच्या सेवेतील कोळी मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात व परदेशी जहाजांना वाट दाखवीत. भरती सुरू होताच जहाज ओढून पुढे न्यावयाचे, ओहोटी लागताच नदीतील ठराविक खोल डोहात नांगर टाकावयाचा. भरती सुमारे सहा तासच टिकते. म्हणून मुखापासून भडोचपर्यंतचे 300 स्टेडिया, म्हणजे सुमारे 50 किलोमीटर अंतर टप्प्याटप्प्यानेच कापावे लागे. तिथीचे भान तर अपरिहार्यच. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीनंतर भांग. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. ज्या पंचांगावर आपली पर्वे ठरतात, त्याच चंद्राच्या गतीवर मालाची आवक-जावक अवलंबून होती.

पुढे तेराव्या शतकात खंभात बंदराचा कारभार महामात्य वस्तुपाल यांच्याकडे आला. आबूच्या लूणवसहीशी ज्यांचे नाव निगडित आहे, तेच हे वस्तुपाल. कालांतराने खंभातपुढे गाळ साचला. मोठी जहाजे घोघ्यास थांबू लागली आणि माल लहान होड्यांतून भरती साधून खंभातला पोहोचविला जाऊ लागला. अखेरीस व्यापाराचा ओघ सुरतेकडे वळला.

श्रेष्ठींच्या दानाने उभारलेल्या मंदिरांवर त्यांची नावे कोरलेली आढळतात. ज्या कोळ्यांनी काळोख्या रात्री पाण्याचा अंदाज घेऊन त्यांची जहाजे सुखरूप आणली, त्यांचे नाव मात्र कोठेही नाही. व्यापाऱ्याच्या वैभवात या अनाम हातांचा वाटा होता, याचे स्मरण ठेवणे हीदेखील कृतज्ञताच होय.