नवा पुढारी आणि जुनी मंडळी

समाजांत आलेल्या नव्या माणसाचें स्वागत करणें सोपें. त्यानें बरोबर आणलेलें स्वीकारणें कठीण. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रांत याचें प्रत्यंतर येतें.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ब्राह्मण कुळांतील हा कवि ख्रिस्ती झाला म्हणून आप्तांवर आकाश कोसळलें. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या व १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. इकडे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनला मोठा विद्वान लाभला. १९०४ सालीं टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली.

ख्रिस्ती उपासनेंत पाश्चात्त्य चालींचें प्रस्थ असतां टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन पुढें आणलें. कित्येकांना त्यांत आपली मायबोली सांपडली. कित्येकांना, सोडून आलेलें तेंच मागल्या दारानें येतें कीं काय, अशी धास्ती वाटली. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाहि तेथें मज्जाव नव्हता. त्यामुळें शंका वाढल्या.

भ्यालेल्यांना हंसूं नये. घरदार सोडून आलेल्यास जुन्या घराची चाहूल भिववितेच. परंतु ९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले, दरबारहि पुढें टिकला नाहीं. त्यांचीं पदें मात्र मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजहि गातात. माणसाला मान त्याच्या हयातींतच मिळाला. त्याच्या देणगीला घर मिळण्यास अंमळ अधिक काळ लागला, इतकेंच.