कवटीवर बसवलेला चेहरा

२९ सप्टेंबर १९३५. स्कॉटलंडमधल्या मॉफॅट गावाजवळच्या पुलावरून एका तरुणीने खालच्या घळीत डोकावले, तर ओढ्याकाठच्या एका गाठोड्यातून माणसाचा हात बाहेर आलेला होता.

अवशेष दोन स्त्रियांचे निघाले. मारेकरी जाणकार होता. डोळे, कान, नाक, ओठ अशा ओळख पटवणाऱ्या खुणा त्याने कापून टाकल्या होत्या. पण गुंडाळायला वापरलेल्या कागदांत ‘संडे ग्राफिक’चा १५ सप्टेंबरचा अंक सापडला आणि ती आवृत्ती लँकेस्टर-मोरकॅम परिसरापुरतीच निघालेली होती. लँकेस्टरच्या डॉ. बक रक्स्टनच्या घरातून इझाबेला (ती त्याची पत्नी म्हणून राहत असे) आणि मुलांना सांभाळणारी मेरी रॉजर्सन बेपत्ता होत्या. रक्स्टन मूळचा मुंबईचा पारशी, वैद्यकीही तिथेच शिकलेला.

कवट्या कुणाच्या, हे ठरवायचे होते. ग्लासगोचे न्यायवैद्यकतज्ज्ञ जॉन ग्लेस्टर यांच्यासोबत काम करणारे एडिंबराचे शरीररचनातज्ज्ञ जेम्स ब्रॅश यांनी इझाबेलाचे टिआरा (मुकुटासारखा दागिना) घातलेले छायाचित्र घेतले. तोच टिआरा मिळवून त्याच्या मापावरून छायाचित्र प्रत्यक्ष चेहऱ्याएवढे मोठे केले. मग कवटी चेहऱ्याच्या त्याच कोनात ठेवून तिचे छायाचित्र घेतले आणि दोन्ही एकावर एक ठेवली. इझाबेलाचा चेहरा एका कवटीवर नेमका बसला, दुसरीवर बसेना. मेरीच्या छायाचित्रांनी उलटे दाखवले.

ब्रॅश यांच्या कामातला मोलाचा भाग हा न जुळण्याचाच म्हणायला हवा. चेहरा जुळतो म्हणून ती कवटी तिचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही. तशी ठेवण आणखी कुणाची असू शकते. पण जुळत नाही, तर ती तिची नाही हे बरेच भक्कम ठरते. म्हणूनच खटला एवढ्यावर उभा नव्हता. मेरीच्या हातांचे ठसे घरातल्या वस्तूंवरच्या ठशांशी जुळले, अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूचा काळ काढला गेला. १३ मार्च १९३६ रोजी मँचेस्टरला रक्स्टन दोषी ठरला. १२ मेला त्याला फाशी झाली.

आज चेहरे ताडून पाहणाऱ्या तज्ज्ञांसमोर बहुधा कवटी नसते, सीसीटीव्हीतला धूसर चेहरा असतो. कानाची पाळी, नाकाची ठेवण, तीळ, व्रण असे एकेक अंग ते ताडून पाहतात. कॅमेरा जवळ असला की नाक मोठे दिसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून अनेक प्रयोगशाळांचे अहवाल ‘तोच माणूस’ असे लिहीत नाहीत. पुरावा त्या निष्कर्षाला किती बळ देतो, ते पायरी-पायरीने सांगतात.