अलिबाग

अलिबाग हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेले, अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील लहान शहर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २० हजार होती. अली नावाच्या धनिक बेने इस्रायली गृहस्थाच्या आंबा-नारळाच्या बागांवरून हे नाव पडले, असे परंपरा सांगते. शहरात बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग आजही आहे.

बेटे व जलदुर्ग

शहरासमोरील खडकाळ बेटावर कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ केला. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा प्रमुख तळ झाला. ओहोटीच्या वेळी किल्ल्यात पायी जाता येते. भरतीची वेळ न पाहता गेलेल्यांना मात्र आतच थांबावे लागते. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे.

उत्तरेस थळसमोर खांदेरी व उंदेरी ही बेटे आहेत. मुंबई बंदराच्या तोंडाशी असल्याने त्यांचे महत्त्व मोठे होते. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू करताच इंग्रज व सिद्दी यांनी विरोध केला, पण बेट मराठ्यांकडेच राहिले. सिद्दीने मग शेजारची उंदेरी बळकावली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थळांत खांदेरी आहे, कुलाबा नाही.

जमीन व बंगले

रस्त्याने मुंबई सुमारे १०० कि.मी. असली, तरी मांडव्याहून गेटवे ऑफ इंडिया बोटीने साधारण तासाभरावर आहे. या जलमार्गामुळे मांडवा, सासवणे, आवास, किहीम या गावांतील वाड्यांच्या जागी धनिकांचे बंगले आणि कुंपणबंद वसाहती उभ्या राहिल्या. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मोटारी वाहणारी रो-रो सेवा सुरू झाली.

कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तर किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर निर्बंध घातले. तरीही अनधिकृत बंगल्यांचे प्रश्न न्यायालयापर्यंत गेले. किहीम येथील नीरव मोदी यांचा बंगला प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला.

कुळांच्या हक्कांचा लढा याच तालुक्यात झाला होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता.

इतर

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणण्यात आली. तेथे आजही नोंदी घेतल्या जातात. येथील गोडसर पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे.