सव्वा मिनिटाचं युद्ध

इटलीतल्या सिएना शहरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला 'पालिओ' नावाची घोड्यांची शर्यत होते. पियात्सा देल काम्पो या मुख्य चौकाला तीन फेऱ्या, तेही घोड्यावर खोगीर न घालता. सव्वा-दीड मिनिटात खेळ खल्लास! पण त्यासाठी अख्खं गाव वर्षभर जीव टाकतं.

गावात १७ पेठा आहेत. त्यांना 'कोन्त्रादा' म्हणतात. प्रत्येकीचा झेंडा, देऊळ (म्हणजे चर्च हो!), संग्रहालय वेगळं. बहुतेकींचे मित्र आणि शत्रूही वेगळे. गंमत म्हणजे गोगलगाय आणि कासव या नावांच्या दोन पेठांचं हाडवैर आहे, आणि शर्यत मात्र घोड्यांची!

आता नियम बघा. धावतात फक्त १० पेठा. घोडा चिठ्ठी टाकून मिळतो, बदलून मिळत नाही. जॉकी भाड्याचा, बहुतेकदा बाहेरचा. १४ वेळा जिंकलेला आंद्रेआ देगोर्तेस हा सार्डिनिया बेटावरचा. जॉकी शेजारच्या जॉकीला चक्क चाबकाने हाणू शकतो. तो पडला तरी नुसता घोडा जिंकू शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सेल्वा पेठ तशीच जिंकली. आणि पेठांमधले पैशांचे गुप्त सौदे? ते तर रीतसर परंपरेचा भाग! आपल्याला जिंकता येत नसेल तर निदान शत्रू जिंकू नये, यासाठीही पैसे मोजले जातात.

म्हणजे हा खेळ नाहीच. हे राजकारण आहे, आणि त्याचं मूळ इतिहासात सापडतं.

सिएना हे एकेकाळी स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, फ्लॉरेन्सचं कट्टर वैरी. लांबलेल्या वेढ्यानंतर १५५५ मध्ये ते पडलं आणि दोनच वर्षांत फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेलं. शहराला स्वतःची लढाई, स्वतःचा तह करायची सोय उरली नाही. आजच्या स्वरूपातला पालिओ रुजला तो त्यानंतरच्या, म्हणजे सतराव्या शतकात. १७२९-३० मध्ये पेठांच्या हद्दी आखल्या गेल्या, त्या आजही चालतात. मला विचाराल तर राज्य गेलं, पण राज्य करायची खुमखुमी पेठांमध्ये जिवंत राहिली. दोस्ती, दगाबाजी, खजिना, सेनापती... सगळं आहे, फक्त तोफा नाहीत.

किंमत मात्र घोडे मोजतात. सान मार्तिनोच्या उतरत्या वळणावर कित्येक जखमी झाले, काही मेलेही. आता तिथे भिंतींना गाद्या लावतात, पशुवैद्य घोडे तपासतात, अस्सल थरोब्रेड घोड्यांना बंदी आहे. तरी प्राणिप्रेमींचा विरोध आहेच, आणि तो अगदी रास्त आहे.

आणि एवढं करून बक्षीस काय, तर रंगवलेला एक रेशमी झेंडा. सिएनाचे लोक त्याला प्रेमाने 'चिंधी' म्हणतात! लांडगीण या पेठेने तो १९८९ नंतर थेट २०१६ मध्ये जिंकला. त्या २७ वर्षांत तिथली एक पिढी विजय न बघताच मोठी झाली, पण पेठ कुणी सोडली नाही. राज्य हरलेल्या गावाला हरणं पचवायची सवय असावी, दुसरं काय!